तुळजापूरचा हिवाळा आणि नळदुर्गाची भटकंती

गुलमर्ग वा औलीच्या हिमक्रीडांचे भाग्य बालाघाटाच्या वाट्यास आले नसले, तरी पौषात, आई तुळजाभवानीचे शाकंभरी नवरात्र चालू असता, येथील बोचरे वारे पायी भटकणाऱ्यास पुरेसा हुरूप देतात. याच तालुक्यातील नळदुर्गास सबंध दिवस राखून ठेवावा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, १६१३ साली, बोरी नदीवरील बांधाच्या पोटातच पाणीमहाल उभारला गेला; नदी भरली म्हणजे नर व मादी हे प्रपात बांधावरून कोसळतात, आणि आतील सज्जात उभा असलेला मनुष्य मात्र कोरडाच राहतो. पाणी ओसरले की बांधाची काळी चिरेबंदी जवळून न्याहाळावी, मग उपळी बुरूज चढावा, म्हणजे तटबंदीचा सारा विस्तार नजरेत येतो. गडावर सावली बेताचीच. सबब पाणी व टोपी जवळ बाळगावी.