रात्र हुकलेली ‘सेमेली’

1989 साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, ‘प्रॉम्स’ महोत्सवात, एक जुना निकाल फिरला. 1700 साली तिथल्या उमरावांनी वर्गणी काढून 200 गिनींची स्पर्धा जाहीर केली होती. नाटककार विल्यम काँग्रीव्हची एकच संहिता होती आणि तिला चार संगीतकारांनी आपापल्या चाली लावायच्या होत्या. पुढच्या वर्षी प्रयोग झाले, 100 गिनींचे पहिले बक्षीस तरुण जॉन वेल्डनने मारले आणि जॉन एकल्स दुसरा आला. चारांपैकी एक रचना पुढे हरवली. उरलेल्या तिन्ही ‘प्रॉम्स’मध्ये पाठोपाठ गायल्या गेल्या, तेव्हा श्रोत्यांनी कौल एकल्सला दिला. तो जाऊन तोवर अडीचशे वर्षे उलटली होती.

‘सेमेली’ या त्याच्या ऑपेराच्या वाट्याला आलेला उशीर याहून विचित्र आहे. तो 1707च्या सुमारास लिहून झाला, पण एकल्सच्या हयातीत रंगभूमीवर आलाच नाही. आज त्याच्या प्रयोगांना ‘पुनरुज्जीवन’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. जे कधी जगलेच नाही, त्याला पुन्हा जिवंत कसे करणार?

एकल्स काही कुणी उपेक्षित कलावंत नव्हता. 1700 पासून तो दरबारचा प्रमुख संगीतकार होता आणि लिंकन्स इन फील्ड्स नाट्यगृहात नाटकांना संगीत देऊन नावारूपाला आला होता. काँग्रीव्हचे ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ तिथलेच. संगीतकार पर्सेलच्या काळापासून लंडनकरांना सवय होती ती गद्य संवाद आणि मध्ये गाणी अशा खेळाची. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला तो प्रकार चटकन कळेल. ‘सेमेली’ मात्र आरंभापासून अखेरपर्यंत गायची होती, आणि तीही इंग्रजीत. तिची संहिताही काँग्रीव्हची, आणि त्याने संवादांच्या ओळी मुद्दाम लहानमोठ्या, यमकाशिवाय ठेवल्या. त्याच्या मते ऑपेरातला संवाद म्हणजे सुरात बोलणे, त्याला तालाची बेडी नको.

कथा ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसीस’मधली. थीब्जची राजकन्या सेमेली हिचे लग्न ठरले आहे अथामासशी आणि मन गुंतले आहे देवाधिदेव ज्युपिटरमध्ये. तो तिला लग्नमंडपातूनच पळवतो. मत्सराने पेटलेली त्याची पत्नी जूनो सेमेलीच्या बहिणीचे रूप घेते आणि तिला पढवते: तुझ्या खऱ्या रूपात ये, असे त्याच्याकडे माग. मागशील ते देईन, या शपथेत ज्युपिटर अडकतो. कैकेयीपुढचा दशरथ डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच की इथे देवाच्या तेजाने मागणारीच जळून खाक होते. तिच्या राखेतून बॅकस, मद्याचा देव, जन्मेल असे भाकीत होते.

आता प्रयोग का हुकला ते. 1705 मध्ये हेमार्केटला क्वीन्स थिएटर उघडले. चालवणारे होते नाटककार व्हॅनब्रू आणि खुद्द काँग्रीव्ह. म्हणजे घरचेच नाट्यगृह! पण त्याच वर्षी प्रतिस्पर्धी ड्रुरी लेनने इटालियन धर्तीचा ‘आर्सिनोए’ लावला, पुढच्या वर्षी ‘कॅमिला’ तुफान चालला, आणि शहराची चव पालटली. इतकी, की काही प्रयोगांत एक गायक इटालियनमध्ये गाई, त्याला उत्तर इंग्रजीत मिळे, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत. काँग्रीव्ह लवकरच कारभारातून बाहेर पडला. एकल्सची आवडती नटी-गायिका ॲन ब्रेसगर्डल 1707 मध्ये निवृत्त झाली. त्या वर्षअखेरीच्या सरकारी फर्मानाने ऑपेरा हेमार्केटकडे आणि गद्य नाटके ड्रुरी लेनकडे अशी वाटणी केली. इंग्रजी ऑपेराला त्यानंतर वाली उरला नाही. 1711 मध्ये त्याच क्वीन्स थिएटरात संगीतकार हँडलचा इटालियन ‘रिनाल्डो’ गाजला.

त्याच हँडलने 1744 मध्ये काँग्रीव्हची ही संहिता उचलली, तिच्यात फेरफार केले आणि कॉव्हेंट गार्डनला आपली ‘सेमेली’ सादर केली. जगाने लक्षात ठेवली ती हीच. तिच्यातल्या सर्वांत लाडक्या गाण्याचे शब्द मात्र काँग्रीव्हचे नव्हेत, अलेक्झांडर पोपचे आहेत. त्यामुळे ते गाणे एकल्सकडे शोधू नये.

एकल्सचे हस्तलिखित लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या ग्रंथालयात राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते गायले जाऊ लागले, आणि 2000 साली ‘म्युझिका ब्रिटानिका’ मालेत त्याची छापील आवृत्ती निघाली. पण छापून झाले म्हणजे काम संपले असे नाही. त्या काळचा संगीतकार खर्जाची एकच ओळ लिही आणि तिच्याजवळ आकडे टाकी. कोणते स्वरसमूह वाजवायचे, किती दाट, किती पातळ, हे हार्प्सिकॉर्ड हे पट्टीवाद्य किंवा थिऑर्बो हे तंतुवाद्य वाजवणाऱ्याने आयत्या वेळी ठरवायचे. तानाहरकतीही गाणाऱ्याच्या जिम्म्यावर. आपल्या बैठकीत हे नित्याचे, पाश्चात्त्य वादकाला मात्र ते नव्याने शिकावे लागते. शिवाय एकल्सच्या काळात प्रयोगच न झाल्याने कोण कसे गायला, कुठे थांबला, हे सांगणारा पहिला नटसंचही नाही.

26 नोव्हेंबर 2019 रोजी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेज चॅपलमध्ये ज्युलियन पर्किन्स यांच्या संचालनाखाली ‘अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक’ या वाद्यवृंदाने एकल्सचा हा ऑपेरा सादर केला. सेमेली होती ॲना डेनिस आणि जूनो हेलन चार्ल्स्टन. ध्वनिमुद्रण 2021 मध्ये आले.

ऐकताना जाणवते की हँडल गळ्यासाठी लिहितो आणि एकल्स जिभेसाठी. हँडलची एकेक अरिया, म्हणजे एकल गीत, कथा थांबवून बहरते. एकल्सची गाणी आखूड, संवादातून उगवतात आणि संवादातच विरतात. जूनो निद्रादेव सोम्नसला उठवते तो प्रसंग, किंवा बहिणीच्या वेषात सेमेलीला भरीस घालते तो, हे दोन्ही नाटककाराच्या पोटातून आलेले आहेत आणि संगीतकाराने त्यांना पुरेशी मोकळीक दिली आहे. सुरावटींचे वैभव हँडलकडेच आहे, त्यात शंका नको. नाटक मात्र एकल्सचे सरस.

‘सेमेली’ बाजूला पडल्यावर एकल्स राजांच्या वाढदिवसांना आणि नववर्षाला गौरवगीते रचत राहिला. चार राजवटी त्याने पाहिल्या. थेम्सकाठच्या किंग्स्टनला राहायला गेला आणि 1735 मध्ये वारला. अखेरच्या वर्षांत तो रमला होता तो मासेमारीत.