रुग्णशय्या आणि प्रयोगशाळा

रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय एकाच आवारात का असावे, या प्रश्नावर मी मुंबईतील परळचे उदाहरण देतो. महानगरपालिकेचे के. ई. एम. रुग्णालय व शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय तेथे १९२६ साली जोडीने सुरू झाले. शिकविणारे सरकारी नोकरीबाहेरचे, सुविद्य हिंदी लोकच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. त्या काळी ही अट लहान नव्हती!

खाटेजवळ उठलेला प्रश्न अशा ठिकाणी प्रयोगशाळेत नेता येतो. १९५२ साली तेथील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवलाची नोंद प्रसिद्ध केली. काहींचे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ गटाचे दिसे. परंतु त्यांचा रक्तद्रव ‘ओ’ रक्ताच्या पेशींच्याही गुठळ्या करी. त्या पेशींवर असणारा ‘एच’ हा मूळ घटक या माणसांच्या पेशींवर नसतोच. सर्वांना चालणारे म्हणून त्यांना ‘ओ’ रक्त चढविले, तर ते जिवावर बेतावे. जग या गटास ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणते. रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींशीही मिसळून पाहावा, हे आज रक्तपेढीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकविले जाते.