समाजकार्याच्या शाळेचे सुकाणू कोणाच्या हाती?

मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की आपल्या घरात पुढचे दोन-तीनच शब्द ऐकू येतात: बी.एड., स्पर्धा परीक्षा, नाहीतर कंपनी. ‘मी एम.एस.डब्ल्यू. करते’ असे एखादीने म्हटले तर वडीलधारी मंडळी विचारतात, ‘समाजकार्य करायला पदवी कशाला लागते? आम्ही काय पदवी घेऊन केले?’

हा प्रश्न खोटा नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रुग्णसेवा करता करता १० मार्च रोजी सावित्रीमाईंनी प्राण ठेवला. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. तेव्हा या देशात समाजकार्याचे एकही महाविद्यालय नव्हते. म्हणजे कार्य आधी आले, पदवी नंतर आली. पण बंधू-भगिनींनो, आता पदवी आली आहे, तिच्यावर पगार आहे, अधिकार आहे आणि सरकार-दरबारी शब्दाला वजन आहे. मग ती पदवी कोण देतो, कोणाला देतो आणि काय शिकवून देतो, हे आपण पाहायला नको का?

नागपाड्यापासून देवनारपर्यंत

देशातील पहिली समाजकार्याची शाळा मुंबईत १९३६ साली सुरू झाली. टाटा ट्रस्टचा पैसा आणि क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याची कल्पना. नागपाड्याच्या कामगार वस्तीत ते आधीपासून काम करीत होते. तेच पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये शाळेचे नाव टाटा समाज विज्ञान संस्था झाले आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आपल्या पुण्यात १९६३ साली कर्वे समाज सेवा संस्था सुरू झाली. धायरीहून सिंहगड रस्त्याने राजाराम पुलापर्यंत जायचे आणि पूल ओलांडायचा, की कर्वेनगर आले. ही संस्था ज्या पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे त्याला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो, माझ्यासारखा बी.कॉम. झालेलासुद्धा. या शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य, ज्याला मुले ‘फील्डवर्क’ म्हणतात. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी वस्तीत, दवाखान्यात, शाळेत किंवा कोर्टात काम करतो, त्याचा अहवाल लिहितो आणि मार्गदर्शक प्राध्यापकासमोर बसून त्याची उलटतपासणी होते. वकिलाला जसे कोर्ट, तशी याला वस्ती.

प्रमुखाच्या हातातील तीन किल्ल्या

अशा विभागाच्या प्रमुखाचे काम म्हणजे वेळापत्रक लावणे आणि सह्या करणे, असे वरून वाटते. मी स्वतः कारकून आहे, सहीची किंमत जाणतो. पण त्या खुर्चीच्या कमरेला तीन किल्ल्या असतात.

पहिली किल्ली अभ्यासाची. डॉ. मा. स. गोरे १९६२ ते १९८२ अशी वीस वर्षे टाटा संस्थेचे संचालक होते. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथेच गोरे यांनीही डॉक्टरेट केली. पुढे त्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर, महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांवर आणि १९९३ साली बाबासाहेबांच्या राजकीय व सामाजिक विचारांवर ग्रंथ लिहिले. समाजकार्य शिकवणाऱ्याने जात समजून घेतली पाहिजे, ही खूण त्यातून दिसते. कारण अमेरिकेतून आलेल्या पुस्तकांत गरिबी होती, बेकारी होती, दारू होती. पण गावकुसाबाहेरचा पाणवठा नव्हता. अलीकडच्या काळात याच संस्थेत दलित व आदिवासी समाजकार्य हा स्वतंत्र अभ्यास उभा राहिला, तेव्हा ती उणीव काही अंशी भरून निघाली.

दुसरी किल्ली क्षेत्रकार्याची. विद्यार्थी कोठे पाठवायचे? डॉ. अरमायटी देसाई १९८२ ते १९९५ या काळात संचालक होत्या. त्यानंतर त्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. त्यांच्या काळात, १९८४ साली, मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. मार खाऊन आलेल्या बाईला पोलीस ठाण्यातच समाजकार्यकर्ती भेटू लागली. पुढे राज्य सरकारने ही पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. कैद्यांसाठीचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० चा आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाईन १९९६ ची. दोन्हींचा जन्म याच संस्थेच्या क्षेत्रकार्यातून झाला.

आता आमच्या धायरीचे पाहा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि समाजकार्याच्या कित्येक पदवीधरांना त्यातून नोकऱ्या मिळाल्या. २०२० च्या संहितेत तो आकडा अडीचशेवर आणला. पण धायरीच्या शेडमध्ये दहा-वीस माणसे प्रेसवर, लेथवर उभी असतात. त्यांच्यापर्यंत हा अधिकारी कधीच पोहोचत नाही. मग विद्यार्थ्याला मोठ्या कंपनीच्या वातानुकूलित कचेरीत पाठवायचे, की बोट तुटलेल्या कामगाराची भरपाई कोण देणार हे विचारायला अशा शेडमध्ये पाठवायचे? हे ठरवणारा प्रमुखच असतो.

तिसरी किल्ली दाराची

आणि तिसरी किल्ली प्रवेशाची. राखीव जागा कागदावर असतात, पण दारात फीचा उंबरठा असतो. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बहुधा उशिरा येते. म्हणून टाटा संस्थेत पात्र विद्यार्थ्यांकडून फी, वसतिगृह आणि खानावळीचे पैसे आधी घेत नसत. ही सवलत काढून घेतली गेली, तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. संस्थेने निधीची अडचण सांगितली. अडचण खरी मानली तरी प्रश्न उरतोच: धुणीभांडी करणाऱ्या आईने सत्राच्या सुरुवातीला एवढी रक्कम कोठून आणायची? जी मुले समाजकार्य जगून आलेली असतात, तीच पैशापायी दाराबाहेर राहिली, तर आत शिकवले जाणारे समाजकार्य कोणाचे?

आपण काय करावे

मुलीला एम.एस.डब्ल्यू. करायचे असेल तर तिला अडवू नका, पण आंधळेपणानेही पाठवू नका. प्रवेशाआधी चार गोष्टी विचारा: संस्था मान्यताप्राप्त विद्यापीठाशी संलग्न आहे का, क्षेत्रकार्य कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होते, शिष्यवृत्ती येईपर्यंत फी थांबते का, आणि तेथून बाहेर पडलेली मुले आज काय काम करतात. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा. ऐन वेळी तहसील कचेरीच्या रांगेत वर्ष वाया जाते.

आणि मुलांनाही सांगा, नोकरी मिळाली की थांबू नका. पीएच.डी. करा, शिकवा, विभागाचे प्रमुख व्हा. आपल्या वस्त्या आजवर फील्डवर्कच्या वहीत पुष्कळ लिहिल्या गेल्या. आता ती वही तपासणाऱ्या टेबलाच्या पलीकडेही आपले माणूस बसले पाहिजे.