आयुर्वेदाचे वैद्य

परवा मुळशीतल्या एका शाळेत बोलायला गेलो होतो. जनरल अरुणकुमार वैद्यांचं नाव काढलं, तर पुढच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "आयुर्वेदाचे का?" वर्ग हसला. मीही हसलो, पण लागलं. २०२६च्या १० ऑगस्टला त्यांना जाऊन चाळीस वर्षं होतात.

सेनापती बापट मात्र त्या पोरांना पाठ. १९२१चा मुळशी सत्याग्रह हरला, टाटांचं धरण उभं राहिलं, गावं बुडाली. 'सेनापती' ही पदवी बापटांना त्या हरलेल्या लढाईनेच दिली. कोल्हापूरकडच्या लेफ्टनंट जनरल थोरातांनी चीनचा धोका वेळेत सांगितला, १९६१ला निवृत्त झाले, १९६२ला खरे ठरले. खरे ठरून मिळालं काय?

मी अडकतो ते ऐंशीच्या दशकात. १९८३ला वैद्य लष्करप्रमुख झाले आणि आमच्या पौडच्या टपरीवर सगळ्यांच्या छात्या फुगल्या. जनरल सिन्हांची ज्येष्ठता डावलली गेली होती, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. वर्षभरात सुवर्णमंदिरात सैन्य शिरलं आणि वैद्य म्हणजे ब्लू स्टार, एवढंच उरलं. ६५ला खेमकरणला पॅटन रणगाड्यांपुढे डेक्कन हॉर्स रेजिमेंट उभी करणारा माणूस पुसला गेला. ७१ला सुरुंगांच्या पट्ट्यातून रणगाडे बसंतरपार नेणारा ब्रिगेडियर तर कुणाला आठवेना. दोन महावीर चक्रं!

८६च्या ऑगस्टमधला तो रविवार. श्रावण लागला होता, लावण्या उरकल्या होत्या. निवृत्त होऊन सहा महिने झालेले जनरल पुण्यात बाजार करून स्वतः गाडी चालवत घरी निघाले होते, तेव्हा ब्लू स्टारचा सूड म्हणून त्यांना गोळ्या घातल्या. त्या संध्याकाळी टपरीवरचे आमचे युद्धतज्ज्ञ, आदल्या आठवड्यापर्यंत त्यांना 'हुकमाचा ताबेदार' म्हणणारे, डोळे पुसत होते. त्यातला एक अजून आहे. आता मोबाइलवर रोज नवा सेनापती नेमतो आणि संध्याकाळपर्यंत बडतर्फ करतो.

१९९२ला मारेकऱ्यांना येरवड्यात फाशी झाली. पुढे वैद्यांचं नाव भवानी पेठेतल्या स्टेडियमवर राहिलं.

त्या पोरासाठी मी फळ्यावर बसंतर नदी काढली, सुरुंग म्हणून ठिपके दिले. तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा रणगाडे अजून अलीकडच्याच काठावर होते.