बद्ध आणि मुक्त : खेळांतील कौशल्यांचें वर्गीकरण

तर्कसंग्रह ज्यांनीं बालपणीं घोकला असेल त्यांस कर्माचे पांच प्रकार अजून आठवत असतील: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. वर फेंकणें, खालीं फेंकणें, आंखडणें, पसरणें व जाणें. हालचालीचें स्वरूप काय, एवढेंच तेथें पाहिलें आहे. आधुनिक क्रीडाशास्त्र निराळाच प्रश्न विचारतें. हालचालीची वेळ ठरविली कोणीं? करणाऱ्यानें, कीं बाहेरच्या परिस्थितीनें?

हा भेद पोल्टन या मानसशास्त्रज्ञानें १९५७ सालीं मांडला आणि बार्बरा नॅप या विदुषीनें १९६३ मध्यें तो खेळांस लावून दाखविला. पुरलेला मल्लखांब जागचा हालत नाहीं. अढी केव्हां घालावयाची हें सर्वस्वी मल्लाच्या हातीं. हें बद्ध कौशल्य. खोखोंत पाठलाग करणाऱ्यास मधली पट्टी ओलांडतां येत नाहीं, घेतलेली दिशा खांबापर्यंत सोडतां येत नाहीं. पळणारा मात्र बसलेल्या आठ गड्यांमधून हवा तसा निसटतो. खो कोणत्या क्षणीं द्यावयाचा हें त्याच्या निसटण्यावर अवलंबून. हें मुक्त कौशल्य. अर्थात् हे दोन बंद कप्पे नव्हेत, एकाच रेषेचीं टोकें आहेत. बॅडमिंटनची सर्व्हिस बद्ध टोकाजवळची, ती परतविणें मुक्त टोकाजवळचें.

याखेरीज स्थूल व सूक्ष्म, किंवा भालाफेंकीसारखीं सुटीं, तिहेरी उडीसारखीं सांखळीचीं व पोहण्यासारखीं अखंड, असेही भेद करितात. ते शिक्षकांनीं जाणावेत. पालकांचें त्यांवांचून अडत नाहीं.

पहिल्या भेदावांचून मात्र अडतें. आपल्या घरांतून व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार, आणि सूर्यनमस्कार म्हणजे संख्या. आमच्या गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलांत सायंकाळीं मुलांस न्यावयास आलेले पालक "आज किती वेळां केलेंस?" हेंच आधीं विचारतात. बद्ध कौशल्यास हा प्रश्न शोभतो. तेथें एकच आकार पुनःपुनः गिरवून पक्का करावयाचा असतो. मुक्त कौशल्यांत, जेंटाइल या विदुषीनें १९७२ मध्यें दाखविल्याप्रमाणें, आकारांची विविधता शिकावयाची असते. शब्दांचीं रूपें पाठ करणें वेगळें आणि अपरिचित श्लोकाचा अन्वय लावणें वेगळें, हें संस्कृत शिकविणाऱ्यास सांगावयास नकोच.

रिकाम्या मैदानावर शंभर वेळां खो दिलेला मुलगा सामन्यांत उशीर करतो, आणि घरीं येतांच त्यास मंद ठरवितात. जें त्यास शिकविलेंच नाहीं त्याची ती परीक्षा होती! कित्येक मुलें एवढ्यावरच मैदान सोडतात, हें आम्हांस फार लागतें.

तेव्हां मुलगा मल्लखांबावर जात असेल तर अढी दरवेळीं एकसारखी पडते काय, हें पाहावें. खोखोस जात असेल तर मार्गदर्शकांस विचारावें, कीं सरावांत याच्यापुढें पळणारें कोण असतें, आणि तें रोज तेंच असतें काय?