सामुदायिक वीजखरेदी
सामुदायिक वीजखरेदी : एखाद्या गावाने वा शहराने आपल्या हद्दीतील घरे, दुकाने व उद्योग यांची विजेची मागणी एकत्र करून सर्वांच्या वतीने एकाच पुरवठादाराशी खरेदीचा करार करण्याची पद्धत. या व्यवस्थेत विजेचे खांब, तारा, उपकेंद्रे व मीटर पूर्वीच्याच वितरण कंपनीच्या मालकीचे राहतात. बिघाड दुरुस्त करणे व मीटरची नोंद घेणे ही कामेही तीच करते. बदलतो तो केवळ वीज कोणाकडून व कोणत्या दराने घ्यावयाची हा निर्णय. म्हणून नगरपालिकेच्या वा सहकारी मालकीच्या वीजसंस्थेहून ही पद्धत वेगळी ठरते. मुंबई महानगरपालिकेने १९४७ मध्ये ताब्यात घेतलेला बेस्ट उपक्रम किंवा श्रीरामपूर परिसरात २०११ पर्यंत कार्यरत असलेली मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्था यांनी वितरणाचे कामच अंगावर घेतले. सामुदायिक खरेदी करणाऱ्या गावाकडे करार व त्यावर देखरेख करणारा सल्लागार यांखेरीज सहसा काही नसते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) १९९०–२००० या दशकात काही राज्यांनी वीजनिर्मिती व वितरण हे व्यवसाय परस्परांपासून अलग केले. मॅसॅचूसेट्स राज्यात १९९७ च्या कायद्यानुसार १ मार्च १९९८ पासून ग्राहकाला पुरवठादार निवडण्याची मुभा मिळाली. मोठे कारखाने घासाघीस करून सवलतीचा दर मिळवू शकत होते. महिन्याला काहीशे युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाची मात्र पुरवठादारांना मातब्बरी वाटणे शक्य नव्हते. ही विषमता ओळखून त्याच कायद्याने नगरांना आपल्या रहिवाशांची मागणी एकत्र करण्याचा अधिकार दिला. केप कॉड व मार्थाज व्हिन्यर्ड येथील नगरांनी १९९७ मध्येच यासाठी संघ स्थापन केला. त्यात २१ नगरे असून वीजबचतीच्या योजनाही हा संघच राबवितो.

मॅसॅचूसेट्समधील कार्यपद्धती नमुन्यादाखल पाहण्याजोगी आहे. प्रथम नगरसभेत किंवा नगरपरिषदेत बहुमताने ठराव होतो. राज्याच्या ऊर्जा विभागाशी विचारविनिमय करून योजना तयार केली जाते व तिला सार्वजनिक उपयोगिता विभागाची मान्यता घ्यावी लागते. त्यानंतर निविदा मागवून करार होतो आणि प्रत्येक ग्राहकाला पत्र जाते. त्याने ३० दिवसांत नकार कळविला नाही, तर तो आपोआप योजनेत सामील होतो. ज्यांनी आधीच स्वतंत्र पुरवठादार निवडलेला असतो, त्यांना मात्र असे ओढले जात नाही. मौन ही संमती मानणे योग्य आहे का, हा या पद्धतीवरील सर्वांत गंभीर आक्षेप होय. तथापि प्रत्येकाची लेखी संमती घ्यावयाची म्हटल्यास पुरेशी मागणी एकत्र होत नाही व घासाघिशीचे बळच नाहीसे होते. या पेचातून मार्ग म्हणून नंतरही दंडाविना बाहेर पडण्याची सोय सामान्यतः ठेवलेली असते. परंतु टपालाने आलेले पत्र किती जण वाचतात, हा प्रश्न उरतोच.

दुसऱ्या बाजूस, एकट्यादुकट्या ग्राहकाचा अनुभव फारसा सुखद नाही. राज्याच्या महान्यायवादी कार्यालयाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार स्वतंत्र पुरवठादार निवडणाऱ्या घरगुती ग्राहकांनी जुलै २०१५ ते जून २०१७ या दोन वर्षांत वितरण कंपनीच्या मूलभूत दराच्या तुलनेत सु. १७ कोटी ७० लक्ष डॉलर अधिक भरले. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांना ही झळ विशेष बसली.

सामुदायिक दर स्वस्तच असेल अशी हमी नसते. मूलभूत दर साधारणतः सहा महिन्यांनी बदलतो, तर नगराचा दर करारकाळात, म्हणजे बहुधा एक ते तीन वर्षे, स्थिर राहतो. म्हणजे नगर मुख्यतः स्थैर्य विकत घेते. नैसर्गिक वायू महागल्यामुळे २०२२–२३ च्या हिवाळ्यात मॅसॅचूसेट्समधील एका मोठ्या वितरण कंपनीचा मूलभूत दर युनिटला सु. ३४ सेंटपर्यंत गेला, तेव्हा आधी करार केलेल्या नगरांची मोठी बचत झाली. याउलट, भाव चढलेले असताना करार करणाऱ्या नगराला भाव उतरल्यावरही तोच दर भरावा लागतो. सल्लागाराचे शुल्क दरातच धरलेले असते. ते युनिटला ०.१ सेंट असल्यास महिना ६०० युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाला ६० सेंट पडतात. ही रक्कम क्षुल्लक असली, तरी संपूर्ण नगराची बेरीज तशी नसते.

अनेक नगरे कायद्याने आवश्यक असलेल्या प्रमाणाहून अधिक नवीकरणीय वीज घेतात. तारांतील विजेचा उगम वेगळा ओळखता येत नसल्याने प्रत्येक मेगावॉट-तासामागे एक प्रमाणपत्र दिले जाते व खरेदी त्या प्रमाणपत्राची होते. दूरच्या राज्यातील जुन्या पवनक्षेत्रांची प्रमाणपत्रे स्वस्त पडतात. पण त्यांनी नवी निर्मिती उभी राहतेच असे नाही. त्यामुळे आपल्याच प्रदेशातील नव्या प्रकल्पांची प्रमाणपत्रे घेणाऱ्या नगरांचा ‘हरित’ असल्याचा दावा अधिक ग्राह्य मानावा लागेल.

इलिनॉयमध्ये सार्वमतानंतरच अशी योजना सुरू करता येते. शिकागोने २०१२ मध्ये ती स्वीकारली व २०१५ मध्ये सोडली. ओहायओतील एका मोठ्या नगरसंघाने २०२२ मधील भाववाढीत सु. साडेपाच लक्ष ग्राहक वितरण कंपन्यांकडे परत पाठविले. कॅलिफोर्नियात २००२ च्या कायद्यान्वये स्थापन होणाऱ्या संस्था स्वतः दीर्घ मुदतीचे वीजखरेदी करार करतात. त्यांपैकी पहिली मॅरिन परगण्यात मे २०१० मध्ये सुरू झाली. अशा संस्थांसाठी मतदारांच्या दोन-तृतीयांश बहुमताची अट घालू पाहणारा प्रस्ताव लगेच जूनमध्ये मतदानास आला. तेथील वितरण कंपनीने त्यासाठी ४ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, तरी तो फेटाळला गेला. रिव्हरसाइड परगण्यातील एक संस्था मात्र २०२० मध्ये सुरू होऊन २०२१ मध्ये दिवाळखोर झाली. उन्हाळ्यातील चढे भाव व महामारीत थकलेली देयके तिला पेलली नाहीत. तिचे ग्राहक जुन्या वितरण कंपनीकडे परत गेले.