मार्का राखावा लागतो
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या मसाल्याच्या दुकानात बसले होते. नेहमीच्या एक काकू अर्धा वापरलेला पुडा घेऊन आल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "भाऊ, या खेपेचा कांदा-लसूण मसाला तुमच्या हातचा वाटत नाही हो. भुसा घातल्यासारखा लागतो."

अण्णांनी पुडा उलटसुलट करून पाहिला. तोच तांबडा कागद, तीच पिवळी किनार. मात्र आमच्या पुड्यावरची बाई उखळात मसाला कांडते, या पुड्यावरची पाट्यावर वाटत होती. नावातही एक अक्षर वेगळे. पुडा आमचा नव्हताच! अण्णांनी काकूंना आपला पुडा तसाच दिला. त्या गेल्यावर मला म्हणाले, "जाऊ दे. आपण आपला माल चोख ठेवावा."

मला मात्र ते जाऊ देता येईना. आमच्या ओळखीच्या एका वकीलकाकांकडे जाऊन मी हा विषय समजून घेतला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी लहानमोठा धंदा असतो, म्हणून तो येथे मांडते.

बाजारात ज्याला 'मार्का' म्हणतात, त्याला कायद्यात व्यापारचिन्ह म्हणतात. सध्याचा कायदा १९९९ चा असून तो २००३ पासून अमलात आहे. एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखू येईल असे नाव, चित्र, वेष्टन किंवा रंगांची जुळणी हे सारे व्यापारचिन्ह होऊ शकते. 'वेगळा ओळखू येईल' हे शब्द महत्त्वाचे. 'कांदा-लसूण मसाला' हे मालाचे वर्णन झाले. ते कोणा एकाच्या मालकीचे कसे होणार? उखळाजवळच्या बाईचे चित्र आणि आम्ही ठेवलेले नाव यांची गोष्ट वेगळी.

मग बाईच्या हाती उखळाऐवजी पाटा-वरवंटा दिला की नक्कल सुटते काय? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ च्या एका निकालात मिळते. विलेपार्ले या उपनगरावरून नाव घेतलेल्या पार्ले कंपनीच्या बिस्किटांच्या वेष्टनावर शेतवाडीतील मुलगी, गाई आणि कोंबड्या होत्या. म्हैसूरच्या एका उत्पादकाच्या वेष्टनावरही मुलगी, गाई आणि कोंबड्याच होत्या. एकीच्या हाती बादली, तर दुसरीच्या डोक्यावर गवताचा भारा, एवढा फरक. खालच्या दोन्ही न्यायालयांनी हे फरक मोजून पार्लेचा दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितले की, दोन वेष्टने शेजारी शेजारी ठेवून फरक शोधू नयेत. एक माल नेहमी घेणाऱ्याच्या हाती दुसरा दिला, तर तो फसेल का, एवढेच पाहावे. आमच्या काकूंची फसगत नेमकी अशीच झाली होती.

दुसरा एक निकाल मला अधिक बोचला. लाहोरला १९०१ पासून तयार होणाऱ्या 'अमृतधारा' या औषधाच्या मालकांनी 'लक्ष्मणधारा' या नावाला हरकत घेतली. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही नावे फसगत होण्याइतकी सारखी आहेत, हे मान्य केले. पण 'लक्ष्मणधारा' १९२३ पासून विकली जात असता ही मंडळी वर्षानुवर्षे गप्प राहिली होती. म्हणून उत्तर प्रदेशापुरती त्या नावाची नोंद होऊ दिली गेली. 'जाऊ दे' म्हणण्याची किंमत एवढी असते!

नोंदणीची वाट लांब असली तरी अवघड नाही. मालाचे व सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाला तिसाव्या वर्गात पडतो, तर लोणचे एकोणतिसाव्या. लहान धंदेवाल्याला संगणकावरून केलेल्या अर्जासाठी दर वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क पडते. तपासणीनंतर चिन्ह ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापले जाते आणि चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. नोंद दहा वर्षे टिकते आणि पुढे दर दहा वर्षांनी वाढवता येते. मात्र चिन्ह सलग पाच वर्षे वापरलेच नाही, तर नोंद रद्द होऊ शकते. नोंद झाल्यावर नक्कल करणाऱ्यावर आपल्याच जिल्ह्याच्या न्यायालयात दावा लावता येतो, ही लहान माणसाची मोठी सोय आहे.

नोंद नसेल तर सारे बुडाले असेही नाही. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याला नोंदणीवाचूनही रोखता येते. फक्त आपले नाव आधीपासून चालत होते आणि लोक ते ओळखत होते, हे दाखवावे लागते. वकीलकाकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जुनी बिले आहेत का?"

माळ्यावरची ट्रंक उपसली, तेव्हा सतरा वर्षांपूर्वीचे छापखान्याचे बिल सापडले. त्याला पहिल्या पुड्याचा नमुना टाचलेला होता. रंग उडालेला, पण बाई तीच, उखळ तेच. अण्णा तो कागद बराच वेळ हातात धरून होते. मग म्हणाले, "मसाला त्याचा खराब निघाला, पण काकू तक्रार घेऊन आल्या माझ्याकडे. ज्या काकू आल्या नाहीत, त्यांनी काय समजावं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज भरला. त्याचा निकाल अजून यायचा आहे. नक्कल करणाऱ्यालाही वकिलांची नोटीस गेली आहे. कायद्यातले हक्क-दावे आपल्या जागी असोत. मला त्यातून एवढेच उमगले, की मार्का म्हणजे गिऱ्हाइकाने आपल्यावर ठेवलेला भरवसा. माल चोख ठेवून तो मिळतो खरा, पण राखण्यासाठी जागे राहावे लागते. वाचकहो, घरी गेलात की तुमच्याही दुकानातल्या जुन्या बिलांचा गठ्ठा एकदा पाहा. तो रद्दीत घालू नका.